मानवशास्त्र शिकायचे कोणी?

रसेल आणि हिरालाल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. या भागातील गोंड, हलबा, गोवारी, ढिवर, कोहळी यांच्या चालीरीती त्या खंडांत नोंदल्या गेल्या. हे काम राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झाले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचून दाखविण्याची गरज कुणाला वाटली नाही. त्यानंतर राज्यकर्ते बदलले आणि राज्यघटना आली. परंतु आपल्या समाजाचा अभ्यास आपणच शास्त्रशुद्ध रीतीने करावा, ही संधी या जिल्ह्यातील मुलामुलींपर्यंत अद्याप पोचलेली नाही.

महाराष्ट्रात पदवीच्या पातळीवर मानवशास्त्र शिकविणारी महाविद्यालये मोजकीच आहेत. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील मुलगी बारावी होऊन कला शाखेत जाते, तेव्हा तिच्यापुढे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे ठरलेले गट येतात. मानवशास्त्राचे जुने विभाग सागरला व रायपूरला आहेत, भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे केंद्र नागपूरला आहे. नागपूर जवळ असले तरी ती संशोधन संस्था आहे. तेथे पदवीचे वर्ग भरत नाहीत. हाच विषय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मात्र उमेदवारांचा आवडता आहे. शहरातील शिकवणी वर्गांत टिपणांवरून तो घोकला जातो, आणि आदिवासी गावात एक रात्रही न काढलेला तरुण गोंडांच्या कुलव्यवस्थेवर गुण मिळवून अधिकारी होतो. ज्या गावाच्या जीवनावर तो गुण मिळवितो, त्या गावातील मुलीला तो विषय घेता येत नाही, ही विषमता आम्हांला साधी वाटत नाही.

कोणी म्हणेल, या जिल्ह्यापुढे धानाचा भाव आहे, राइस मिलमधील मजुरी आहे, बिडी कामगारांचे प्रश्न आहेत. त्यांत मानवशास्त्राची पदवी कोठे बसते? आमचे उत्तर असे की, गेल्या काही दशकांत या जिल्ह्यातील गरिबांचे कित्येक हक्क मानवशास्त्रीय पुराव्यावर येऊन ठेपले आहेत.

वनहक्क कायदा २००६ साली झाला व त्याचे नियम २००८ साली आले. पुरावा म्हणून काय काय चालेल, याची यादी त्या नियमांत आहे. गावातील वृद्धांचे लेखी निवेदन, वंशावळ, देवस्थाने व स्मशानभूमी यांच्या खुणा त्या यादीत आहेत. तसेच रूढी-परंपरांचे संशोधन व दस्तऐवजही आहेत, आणि तेथे मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे नाव उदाहरणादाखल दिले आहे. अनुसूचित जमातींच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. परंतु जे या यादीत नाहीत, उदाहरणार्थ तळ्यावर जगणारे ढिवर, त्यांना तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या घरात कागद कधी आला नाही, त्यांनी ७५ वर्षे कशी सिद्ध करावी? वंशावळ लावणे, म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला दुष्काळाच्या किंवा साथीच्या सालाशी ताडून पाहणे, निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज वाचणे, गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच काढून घेणे, ही कामे शिकावी लागतात. मानवशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी नेमके हेच शिकतो. देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत ज्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळविले, त्यांच्या पाठीशी हे काम चिकाटीने करणारे कार्यकर्ते होते. परंतु कार्यकर्त्याच्या चिकाटीवर एका पिढीचे भागते. पुढच्या पिढीसाठी शिक्षणाची व्यवस्था लागते.

दुसरा प्रश्न जात पडताळणीचा. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणीची पद्धत घालून दिली. दैवते, विधी, लग्नाची रीत, अंत्यसंस्कार यांविषयी अर्जदाराला विचारून त्याची जमातीशी आप्तता जोखावी, असे त्यात होते. परिणाम असा झाला की शहरात वाढलेल्या आदिवासी मुलाला शतकापूर्वीच्या ग्रंथातील चालीरीती पाठ करून समितीपुढे उभे राहण्याची पाळी आली. आप्तता ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले, ते योग्यच झाले. समाज बदलतो, चालीरीती बदलतात, ही मानवशास्त्राची पहिली शिकवण होय. ती मधली २९ वर्षे पडताळणीच्या टेबलापर्यंत पुरेशी पोचली नाही, याची किंमत कित्येक कुटुंबांनी मोजली.

आणि गोवारींचे काय झाले, हे विदर्भ विसरलेला नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे प्राणास मुकली. त्यांत स्त्रिया व मुले फार होती. मागणी अनुसूचित जमातींच्या सवलतींची होती, आणि सारा वाद यादीतील ‘गोंड गोवारी’ या नोंदीचा अर्थ काय, याभोवती फिरत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. या वादात १९१६ च्या त्याच ग्रंथातील मजकुराचा कीस पडला. निकालाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. गुरे राखणाऱ्या एका समाजाचे भवितव्य परक्या राज्यकर्त्याच्या चार परिच्छेदांच्या अर्थावर लोंबकळत राहिले, आणि त्या समाजाच्या बाजूने बोलू शकेल असा, त्याच्यातूनच आलेला, या शास्त्रात तयार झालेला अभ्यासकांचा वर्ग उभा नव्हता, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

मानवशास्त्र चालीरीतींपाशी थांबत नाही. त्याच्या पदवीत जैविक मानवशास्त्रही असते, आणि विदर्भाला त्याची गरज सिकलसेलमुळे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्ततपासणी यंत्राने होते. परंतु तपासणीनंतरचे समुपदेशन यंत्राने होत नाही. गोंडांमध्ये चार देव, पाच देव, सहा देव, सात देव यांच्या हिशेबाने कोणाशी सोयरीक करावयाची हे ठरते. मामा-आत्याच्या मुलांच्या लग्नाची जुनी रीतही आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो आरोग्यसेवक घरी जाऊन नुसते ‘हे लग्न करू नका’ असे सांगेल आणि घरातल्यांचा विश्वास गमावून परतेल.

डाव्या चळवळीतूनच एक गंभीर आक्षेप येतो, त्याचाही विचार केला पाहिजे. हे शास्त्र साम्राज्यशाहीच्या कुशीत वाढले, रिस्लेने माणसांची नाके मोजून त्यांची प्रतवारी लावली, १८७१ च्या कायद्याने संबंध जमाती गुन्हेगार ठरविल्या; असे शास्त्र आमच्या मुलांना कशाला? आक्षेपातील इतिहास खरा आहे. परंतु इतिहास वाईट म्हणून शास्त्र सोडून द्यावयाचे, तर ते ज्यांच्या हाती होते त्यांच्याच हाती राहील. व्हेरियर एल्विन यांनी मानवशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. ते गोंडांमध्ये राहून शिकले आणि त्यांच्या बाजूने लिहीत राहिले. इरावती कर्वे यांनी मराठी वाचकांसाठी मराठीतून लिहिले, तेव्हा भाषेचीही अडचण सांगता येणार नाही. मारुती चितमपल्ली नवेगावच्या जंगलात वनाधिकारी होते. तेथील पाखरांची व झाडांची नावे त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून शिकून घेतली, म्हणूनच मराठी शब्दसंपदा वाढली. ज्यांनी ती नावे सांगितली, त्यांच्या नातवंडांनी आता स्वतः वही हाती घ्यावी, असे म्हणण्यात गैर काय?

नोकरीचा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. केवळ या पदवीच्या बळावर नोकरी मिळेल असे सांगणे फसवणूक ठरेल. इतिहास किंवा राज्यशास्त्राच्या पदवीलाही ती हमी नाही. परंतु आदिवासी विकास विभाग, पडताळणी समित्या, आरोग्य मोहिमा, वनहक्काचे कक्ष यांना या ज्ञानाची गरज आहे. तेथील भरतीत या पदवीला मान मिळाला पाहिजे, ही मागणी विषयाच्या मागणीबरोबरच करावी लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व समाजसंपर्क यांना श्रेयांक ठेवले आहेत. बहुतेक ठिकाणी ते कागदोपत्री उरकले जातील, अशी भीती आहे. गोंदियात ते खऱ्या अर्थाने होऊ शकतात. कचारगडला माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. कोहळ्यांनी बांधलेल्या तळ्यांच्या पाणीवाटपाचे नियम अजून वृद्धांच्या तोंडी आहेत. गोंडी बोलणारी घरे शेजारी आहेत. या वृद्धांपैकी दरवर्षी काही जण जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांना ठाऊक असलेले नियमही जातात.

तेव्हा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे गोंदियातील किमान एका महाविद्यालयात पदवीला मानवशास्त्र सुरू करण्याची मागणी, पालकांच्या व ग्रामसभांच्या सह्यांनिशी, लेखी करावी. पाठ्यपुस्तके मराठीत असावीत आणि वर्गात गोंडीला मज्जाव नसावा, हे त्या मागणीतच लिहावे. आणि विद्यापीठाचा निर्णय होईपर्यंत वाट न पाहता, आपापल्या गावातील वृद्धांची निवेदने, वंशावळी व तळ्यांचे नियम सुटीत आलेल्या विद्यार्थ्यांकडून लिहवून घेऊन त्याची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी ठेवावी. ही शेवटची गोष्ट येत्या उन्हाळ्यातच सुरू करता येण्यासारखी आहे.