लढाईची वसुली कुणाकडून?



१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. गिऱ्हाईक होतं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या. त्याच लँकेशायरमधलं ॲक्रिंग्टन हे कापड कामगारांचं गाव. १९१४ साली तिथं काम मंदावलं होतं, चुली थंडावल्या होत्या. तेवढ्यात महायुद्धाची भरती निघाली. सोबत भरती व्हा, सोबतच ठेवू, असं सांगितलं गेलं. एका गल्लीतले, एका गिरणीतले भाऊ-मित्र एकाच पलटणीत गेले.

१ जुलै १९१६. फ्रान्समधल्या सेर गावासमोर त्यांतले सुमारे ७०० जण खंदकातून पुढे निघाले. अर्ध्याएक तासात ५८४ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पेपरांत मात्र आधी विजयाच्याच बातम्या आल्या. खरं कळलं ते जखमींच्या पत्रांतून. तेव्हा लोकांनी जाब विचारायला नगराध्यक्षाच्या घराला गराडा घातला.

सगळं बियाणं एकाच वावरात टाकावं आणि गारपीट नेमकी तिथंच व्हावी, तसं झालं. लढाई साऱ्या देशाची, वसुली एका गल्लीकडून.

आपल्याकडंही पावसानं दगा दिला की पोरं भरतीच्या रांगेत दिसतात. देशासाठी जाणाऱ्याला आमचा सलामच. पण ज्वारी-कापसानं घर चाललं असतं तर त्यांतले किती गेले असते, हे विचारायचा हक्क त्यांच्या आयांना आहे. तो आम्ही सोडणार नाही.