सिस्टरची वीस वर्षं

सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर पन्नाशीकडे झुकल्या की चहाच्या वेळी विषय निघतो तो 'व्हीआरएस'चा. गुडघे बोलू लागलेले असतात, नाइट ड्युटीनंतरची झोप उडालेली असते आणि अठ्ठावन्न अजून लांब असतं.

महाराष्ट्रातला नियम वरवर उदार आहे. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा भरली की तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल, तर अंतिम वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन. या सिस्टरांची वीस वर्षं कॅलेंडरवर केव्हाच उलटली. घोडं अडतं ते सेवापुस्तकात. बंधपत्रावर काढलेली सुरुवातीची वर्षं धरायची की नाहीत? मूल तान्हं असताना घेतलेली बिनपगारी रजा? १८० दिवसांची बालसंगोपन रजा राज्यात आली २०१८ साली. त्याआधीच्या आयांनी असाधारण रजा काढली, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल तर ती सहसा सेवेत धरली जात नाही.

मला खटकतं ते वेगळंच. वीस वर्षांचा हा हिशेब टेबलावरच्या कारकुनाला जो, तोच अतिदक्षता विभागातल्या अधिपरिचारिकेला. वर्षं किती, एवढंच नियम विचारतो. ती कशी काढली, हे विचारत नाही.

विचारता येतं, हे ब्रिटनने दाखवलं होतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत इतरांचं निवृत्तीचं वय साठ असताना नर्स, सुईणी आणि फिजिओथेरपिस्ट यांना पंचावन्नाव्या वर्षी कपात न होता पेन्शन घेता येई. अट अशी की शेवटची पाच वर्षं त्याच कामात गेलेली हवीत. मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर वीस वर्षांनंतरचं प्रत्येक वर्ष दुप्पट धरलं जाई. ६ मार्च १९९५ नंतर नव्याने येणाऱ्यांसाठी ही दारं बंद झाली. जुन्यांचा हक्क राहिला.

आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांतल्या नर्सने तर हा विषय काढूच नये. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. अठ्ठावन्नऐवजी पन्नाशीनंतर ती लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नाच्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापून. मुळात हिशेब पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर. सगळी वीस वर्षं त्या मर्यादेने धरली, तरी महिन्याला साडेचार हजारही होत नाहीत. कपात त्यातूनच. एवढ्यावर कोण घरी बसणार?

आधीच नर्सचा तुटवडा, त्यात लवकर सोडलं तर वॉर्ड ओस पडतील, असं प्रशासन म्हणेल. पण रिकाम्या जागा भरायच्या असतात; पाठ धरलेल्या बाईकडून रुग्ण उचलून घेऊन तुटवडा भरून निघत नाही. रात्रपाळीची आणि अतिदक्षता विभागातली वर्षं दुप्पट नाही तर सव्वापट तरी धरा. ड्युटीचे तक्ते प्रत्येक वॉर्डात असतातच, तेव्हा पुरावा शोधत फिरायला नको.

तोवर माझ्या ओळखीच्या सिस्टरांना एक आगाऊ सल्ला: नोटीस देण्याआधी आपली अर्हताकारी सेवा किती भरते, ते कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी हिशेबावर राजीनामा लिहू नका. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत अख्ख्या पेन्शनचा फरक आहे.