बाजाराचा अभ्यास

वर्षभर एक वाक्य खुपत राहिले. कृषी मेळावा नांदेडचा असो की लातूरचा, हारतुरे आटोपले की व्यासपीठावरून हमखास येते: शेतकऱ्याने बाजाराचा अभ्यास करून पीक घ्यावे. 2025च्या ऑगस्टात नांदेड जिल्ह्यातले मुखेड आणि सप्टेंबरात अवघा मराठवाडा पाण्याखाली गेला, तरी या सल्ल्यात खंड नाही.

अभ्यास तर केला होता. ऑक्टोबर 2015मध्ये तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. 2016च्या उन्हाळ्यात रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरने मृगात तूर पेरली. गुलबर्ग्याने पेरली, विदर्भानेही पेरली. पाऊस झाला. देशाचे तूर उत्पादन 25 लाख टनांवरून 48 लाखांच्या घरात गेले. वर आयात चालू, निर्यात बंद. हमीभाव क्विंटलला 5,050, मोंढ्यात त्याहून कमी आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही. अभ्यास कुणाचाच चुकला नव्हता. तो सगळ्यांचा एकच निघाला.

हा पेच ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने 1994मध्ये अमेरिकेतल्या सांता फेच्या एका बारवरून मांडला. (दिवाळी अंकात बार आला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये.) शंभर जणांपैकी साठहून कमी आले तरच तिथे मजा. आज गर्दी नसेल, असे सगळ्यांनी ताडले की सगळेच जातात. पावसाचा अंदाज ऐकून ढग वागणे बदलत नाहीत. भावाचा अंदाज ऐकून माणसे बदलतात आणि त्यांच्याबरोबर भावही. बाजाराला व्यामिश्र व्यवस्था म्हणतात ते यासाठी. पाठ्यपुस्तकातला मागणी-पुरवठ्याचा समतोल आडतीवर कुणी पाहिला आहे?

त्यात सरकार. ऑगस्ट 2021मध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांवर गेले, तोच जनुक-बदल केलेल्या 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली. पेरणी जूनमध्ये, अधिसूचना कधीही. तिचा अभ्यास कोणत्या पुस्तकातून करायचा? 2025मध्ये सोयाबीनचा हमीभाव 5,328 होता, पण ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा होता. शेत मात्र गुडघाभर पाण्यात.

म्हणून या अंकाचा विशेष विभाग ‘बाजार’. अंकातल्या कवितांचा त्याच्याशी संबंध काय, ते विचारू नका. कवितेला हमीभाव कधी नव्हताच.

पुढच्या मेळाव्यात हा सल्ला पुन्हा आला, तर वाचकहो, उभे राहून एवढेच विचारा: इथे बसलेल्या सगळ्यांनी तुमचे ऐकले, तर दिवाळीला भाव काय राहील?