मधला चेंडू कुणाचा?

मंडळी, फराळाचा डबा उघडण्याआधी या वर्षीची एक कबुली देऊन टाकते.

मार्चमधली संध्याकाळ. ईशा शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकताच म्हणाली, "आई, कोचनी मला डिस्ट्रिक्टला डबल्समध्ये घातलंय. चिओमाबरोबर!" मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, "म्हणजे सिंगल्समधून काढलं?"

बस, एवढंच. पण पोरीचा चेहरा उतरला तो उतरलाच. टेक्सासच्या शालेय टेनिसमध्ये वसंतातल्या स्पर्धेत एका मुलीला एकच प्रकार खेळता येतो. एकेरी, दुहेरी किंवा मिश्र दुहेरी. माझ्या डोक्यात आठ वर्षांच्या क्लासच्या फीचा हिशेब, शनिवारी पहाटे उठून केलेली ड्रायव्हिंगं, आणि मंडळाच्या गणपतीत "आमची ईशा सिंगल्स खेळते हो" असं मी सांगितलेलं. दुहेरी म्हणजे ज्यांना एकेरीत जागा नाही त्यांची सोय, अशी माझी पक्की समजूत. पुढचे दोन आठवडे ईशाने मला मॅचच्या वेळा सांगणंच बंद केलं. बाबाला सांगायची, मला नाही.

रविवारी नेहमीप्रमाणे बार्शीला आबांना व्हिडिओ कॉल लावला. माझी तक्रार ऐकून आबा म्हणाले, "अगं, आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे ऑलिंपिकला गेली ती काय एकेरी खेळून गेली का? आणि तू माहेरची असून तुला हे मी सांगायचं?"

खरंच की. नाव माहीत होतं, अभिमानही होता, पण ती नेमकं काय खेळते हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या रात्री वाचायला बसले.

ज्यांना बार्शी माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. भगवंताचं देऊळ, तूरडाळीची आणि ज्वारीची बाजारपेठ, आणि एके काळी कुर्डूवाडीहून धावत येणारी ती छोटी रेल्वे. टेनिससाठी बार्शीचं नाव कुणी घेतलं नसतं. तिथे १९९४ साली प्रार्थनाचा जन्म झाला. पुढे सरावासाठी ती हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली आणि दुहेरी हीच तिची खरी ओळख बनली. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत ती पहिल्या दोनशेत पोचली.

२०१४ ची इंचॉनची आशियाई स्पर्धा. प्रार्थना वीस वर्षांची, जोडीला सत्तावीस वर्षांची सानिया. उपांत्य फेरीत चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट जिंकला, दुसरा गेला, आणि निर्णायक सुपर टायब्रेक ४-१० असा गेला. हातात आलं कांस्य. पण बार्शीसाठी ते सोन्याहून कमी नव्हतं.

त्या स्पर्धेतल्या दुहेरीचं सुवर्ण कुणी नेलं हे मला त्या रात्रीच कळलं. थायलंडच्या तामारिन तानासुगर्न आणि लुकसिका कुमखुम यांनी. तामारिन तेव्हा ३७ वर्षांची, लुकसिका २१ ची. या तामारिनचा जन्म आपल्या इथला, अमेरिकेतला, लॉस एंजेलिसचा. डब्ल्यूटीए एकेरीतलं तिचं पहिलं विजेतेपद २००३ साली हैदराबादेत. २००८ मध्ये तिने विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, आणि २०११ मध्ये तिथेच दुहेरीची उपांत्य फेरी. म्हणजे एकेरीत नाव कमावलेली बाई, आणि ज्या वयात बाकीच्या कधीच घरी बसलेल्या असतात त्या वयात आपल्याहून सोळा वर्षांनी लहान मुलीला बरोबर घेऊन आशियाचं सोनं जिंकते. पुढे दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. दुहेरी ही "सोय" आहे, या माझ्या समजुतीला पहिला तडा इथे गेला.

मग रिओ, २०१६. सानिया त्या वेळी दुहेरीत जगात पहिली. तिची जोडीदार म्हणून बावीस वर्षांच्या प्रार्थनाची निवड झाली. पहिल्याच फेरीत समोर चीनच्या झँग शुआई आणि पेंग शुआई. ६-७, ७-५, ५-७. हरल्या. ऑलिंपिक एका सामन्यात संपलं. पण तो स्कोअर पुन्हा वाचा. एक सेट टायब्रेकमध्ये गेला, एक जिंकला, शेवटचा पाच-सातने सुटला.

आता हिशेबाची गोष्ट, कारण आपण अखेर हिशेबाचीच माणसं. एकूण २५ हजार डॉलर बक्षिसाची आयटीएफ स्पर्धा असली, तर दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला मिळायचे साधारण दीड हजार डॉलरच्या आत. तेही दोघींत वाटून. त्यात विमान, हॉटेल, खाणं. शिवाय प्रवेश मिळतो तो दोघींच्या क्रमवारीची बेरीज करून. म्हणजे तुम्ही कितीही चांगल्या असा, जोडीदार शोधावी लागते, तिला तुम्ही हव्या असाव्या लागता, आणि तिचं पोट बिघडलं की तुमचाही आठवडा बुडाला. हे वर्षानुवर्षं करत राहणं सोपं नाही. हे "सिंगल्समधून काढलं" नाही. ही वेगळीच नोकरी आहे.

आणि हे काही सातासमुद्रापलीकडचंच नाही. आपल्या शुगर लँडमधून जाणारा हायवे सिक्स धरला, हेम्पस्टेड, नॅव्हासोटा मागे टाकलं, की थेट कॉलेज स्टेशन. तिथल्या टेक्सास ए अँड एमकडून आपली ऋतुजा भोसले खेळायची. तिनेच ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गेला, पुढचा ६-३, आणि सुपर टायब्रेक १०-४. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा. आपण एव्हाना पाठदुखीचं बोलायला लागतो.

डिस्ट्रिक्टच्या दिवशी वेळ बाबाकडून काढून घेतली आणि न सांगता जाऊन जाळीच्या मागे बसले. एकेरीचं मैदान २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १८ फूट. पूर्वी मला वाटायचं, चला, धावायला कमी. त्या दिवशी कळलं की खरी पंचाईत त्या दोन अठरांच्या मध्ये आहे. मधून येणारा चेंडू कुणाचा? दोघी धावल्या तर रॅकेटवर रॅकेट. दोघी थांबल्या तर गुण गेला. ईशा सर्व्हिस करायची तेव्हा चिओमा नेटजवळ पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करायची. मूठ म्हणजे जागेवर थांबते, उघडा पंजा म्हणजे मधे घुसते. आठ वर्षं मैदानाबाहेर बसून हे मला कधी दिसलं नव्हतं.

तिसऱ्या सेटमध्ये ४-५ असताना चिओमाकडून लागोपाठ दोन डबल फॉल्ट झाले. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. ईशाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. सरळ चिओमाजवळ गेली, काहीतरी बोलली, आणि दोघी हसल्या. सेट ४-६ गेला. दोघी हरल्या.

घरी येताना गाडीत बराच वेळ शांतता. मग मी विचारलं, "तेव्हा चिओमाला काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईने डब्यात पुरणपोळी दिलीय, हरलो तरी मिळणार आहे."

मी स्टिअरिंगवर हात घट्ट धरून बसले. थोड्या वेळाने म्हटलं, "मार्चमध्ये मी जे बोलले ना, ते चुकलं माझं."

"माहितीय," ती म्हणाली. "पण तू आलीस ते बरं झालं."

या वसंतात दोघी पुन्हा दुहेरीच खेळणार आहेत. आता घरी आली की मी आधी विचारते, "चिओमा कशी खेळली?" आणि पुरणपोळ्या चार जास्त लाटते. बार्शीला आबांना स्कोअर कळवला की ते एवढंच म्हणतात, "जोडी टिकली ना? मग झालं."

तुम्हा सगळ्यांना, आणि तिकडे दूर वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांना, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!