कोठारातील आंधळा शिकारी

धान्यातील सोंडे डोळ्यांना दिसतात. कोळी दिसत नाहीत. अष्टपाद वर्गातील हा जीव जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दमट कोठारात त्याची संख्या झपाट्याने वाढते. दाण्यातील अंकुर हे त्याचे आवडते खाद्य असल्यामुळे बियाण्याची उगवणशक्ती नष्ट होते. पिठाला पुदिन्यासारखा उग्र वास येतो. असे धान्य सतत हाताळणाऱ्या कामगारांना खाज आणि दम्याचा त्रास जडतो, याचा विचार क्वचितच केला जातो.

यावरील रूढ उपाय विषारी धुरीचा आहे. भारतातील गोदामांत पोत्यांच्या थप्प्या आच्छादनाखाली झाकून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. मात्र कोळ्यांची अंडी या वायूला सहजासहजी दाद देत नाहीत. अंडी फुटली, की कीड पुन्हा हजर! मिथिल ब्रोमाइड हे दुसरे प्रभावी विष ओझोनच्या थराला घातक ठरले आणि मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांनीही २०१५ पर्यंत, काही अपवाद वगळता, त्याचा वापर सोडला.

चेकोस्लोव्हाकियातील पुल्पान आणि व्हर्नर या संशोधकांनी १९६५ मध्ये वेगळा मार्ग मांडला. चेलेटस इरुडिटस नावाचा कोळी इतर कोळ्यांवरच जगतो. त्याला डोळे नसतात. तो दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ येताच चिमट्यासारख्या अवयवांनी पकडतो आणि त्यातील रस शोषून घेतो. भक्ष्य संपले, की हे शिकारी एकमेकांनाच खातात; त्यामुळे त्यांची संख्या अमर्याद वाढत नाही. पुढे त्या देशात हे कोळी मुद्दाम वाढवून कोठारांत सोडले जाऊ लागले.

अर्थात हा उपाय म्हणजे रामबाण नव्हे. कडक थंडीत शिकारी सुस्तावतो, धान्य खाणारे कोळी मात्र वाढतच राहतात. कीड बोकाळल्यावर त्याला सोडणे म्हणजे वरातीमागून घोडे. रिकामे कोठार झाडून, नवे धान्य भरण्यापूर्वीच त्याला तेथे वसवणे योग्य.

खाण्याच्या धान्यात जिवंत प्राणी सोडायचा, या कल्पनेनेच अनेकांना किळस येते. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु विषाचा अंश निमूटपणे स्वीकारणाऱ्यांनी तिचा बाऊ करावा, हे चमत्कारिक आहे. म्हणून भारतात या प्रयोगाचा आरंभ बियाण्याच्या कोठारांपासून करणे शहाणपणाचे ठरेल. ते धान्य कोणाच्या ताटात जात नाही, आणि त्यातील अंकुर खाल्ले गेले आहेत हे शेतकऱ्याला कळते ते पेरणी झाल्यावर.