मीटर ओट्यावर, गाळ गच्चीवर

पाण्याचे दोन ग्लास, त्यांत सोडलेल्या धातूच्या कांड्या आणि एक प्लग. एवढ्या सामानावर आपल्या शहरांत पाणी शुद्ध करणारी किती यंत्रं खपली असतील, त्याला गणती नाही. विक्रेता तुमच्याच नळाचं पाणी मागून घेतो, बटण दाबतो आणि गप्पा मारत बसतो. दोन-चार मिनिटांत पाणी हिरवट होतं, मग विटकरी, आणि वर मळकट साय धरते. शेजारच्या ग्लासातलं त्याच्या यंत्राचं पाणी मात्र जसंच्या तसं नितळ. "ताई, हे तुम्ही मुलांना पाजताय," एवढंच तो म्हणतो. पुढचं काम घरातले आजी-आजोबाच करतात.

त्या ग्लासातला मळ असतो कांडीचा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी जात नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला सांगावं. विक्रेत्याला एकदम पुढच्या घरी जायची घाई होते.

हा खेळ आता थोडा जुना झाला. आता पेनाएवढा टीडीएस मीटर काही शे रुपयांत घरपोच येतो आणि निम्म्या सोसायटीच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक त्याचे आकडे रक्तदाबासारखे कळवतात. "आमच्याकडं आज १४० आलंय, बी विंगला किती?" बी विंगला १२० असतं आणि ए विंग दिवसभर अस्वस्थ राहते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मीटर तेही थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते बघून अंदाज सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह मानले आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत असं म्हटलं आहे. मुंबईला पाणी देणारे सात तलाव असोत किंवा पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं. सगळं सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेलं पावसाचं पाणी. ते मुळातच मऊ. त्याचा आकडा बहुधा शंभराच्या आतबाहेर असतो. म्हणजे ज्याला आपण घाबरतो, तो आकडा मर्यादेच्या एक तृतीयांशही नाही. पण '१४०' ही संख्या ऐकायलाच वाईट वाटते.

आणि खरं ज्याला घाबरायचं, ते या मीटरला दिसतच नाही. बादलीभर पाण्यात गटाराचं चमचाभर पाणी मिसळलं, तर मीटरवरचा आकडा जेमतेम हलेल. कावीळ, विषमज्वर, हगवण, पटकी यांना क्षारांशी देणंघेणं नसतं. ५० टीडीएसचं पाणी दवाखान्यात पोचवू शकतं आणि ५०० टीडीएसचं पाणी पिऊन माणूस नव्वदी गाठू शकतो. आपल्याला नेमकी उलटी भीती शिकवली गेली, कारण क्षार काढायचं 'आरओ' यंत्र महाग असतं, त्याला वरचेवर मेंब्रेन, फिल्टर आणि मेंटेनन्सचा करार लागतो. जंतू मारायला उकळी पुरते, नाहीतर क्लोरीनचे थेंब. त्यात कुणाला कमिशन मिळणार?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. चालती-बोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन अंथरुणाला खिळली, काही व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर आला. तिथल्याच नांदेड गावातली विहीर चर्चेत आली. याच भागात जारचं पाणी विकणारे खासगी आरओ प्रकल्पही तपासले गेले, आणि त्यांतल्या अनेकांचं पाणी पिण्यालायक नसल्याचं आढळून महापालिकेनं ते बंद केले. 'आरओ' ही पाटी लावून विकलेलं पाणी! खडकवासल्याचं धरण तिथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवसांत कुणी टीडीएस विचारत नव्हतं. सगळे पाणी उकळत होते.

नळाचं पाणी बिघडतं कुठं, याचं उत्तर बहुतेक वेळा जलशुद्धीकरण केंद्रात सापडत नाही, वाटेत सापडतं. आपल्याकडं पाण्याला 'वेळ' असते. पाणी गेलं की जलवाहिनी रिकामी होते, आत दाब उरत नाही, आणि सांध्यांतून, चिरांतून बाहेरची ओल आत ओढली जाते. शेजारून मैलापाण्याची वाहिनी जात असेल आणि तीही ठिबकत असेल, तर पुढचं सांगायला नको. नळ आल्यावर पहिलं पाणी सोडून द्यायचं आणि मग हंडा लावायचा, ही जुन्या बायकांची सवय अगदी शास्त्राला धरून होती. म्हणूनच २४ तास पाणी ही चैनीची मागणी नाही. वाहिनीत कायम दाब असला की घाण आत शिरायला जागाच उरत नाही. कराडजवळच्या मलकापूरनं हे फार पूर्वी करून दाखवलं, तेही मीटर लावून. ओडिशातल्या पुरीनं २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट प्या म्हणून लोकांना सांगितलं. आपली मोठी महानगरं मात्र अजून 'आज कमी दाबानं' याच्या पुढं जायला तयार नाहीत.

वाटेतलं दुसरं ठाणं आपलं स्वतःचं असतं. खालची टाकी आणि वरची टाकी. महापालिका पाण्यात क्लोरीन घालून पाठवते, तो वाटेतल्या जंतूंना पुरून उरावा म्हणून. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं मानक सांगतं. ते पाणी आपल्या गच्चीवरच्या टाकीत ऊन खात पडतं. तळाला बोटभर गाळ, कडेला शेवाळ, झाकणाचा एक कोपरा तुटलेला, त्यावर वीट, आणि विटेवर कबुतर. क्लोरीन तिथंच संपतो. तो आहे की नाही हे बघायची ओटी चाचणी अगदी सोपी आहे: नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. टीडीएस मीटर घराघरांत असताना ही नळी एकाही सोसायटीच्या कार्यालयात दिसत नाही.

गंमत अशी की खेड्यात दिसते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ही चाचणी करतो, टीसीएल या जंतुनाशक पावडरचा साठा ठेवतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सतत पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी. कागदावर रंग भरण्याचे प्रकारही होत असतील, नाही असं नाही. पण निदान लाल कार्ड मिळालं तर सरपंचाला लाज वाटावी अशी सोय आहे. दोनशे फ्लॅटच्या टॉवरला लाल कार्ड देणारं कोण आहे?

आता आरओच्या सिंकमध्ये सोडलेल्या बारीक नळीबद्दल. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला १२ लिटर लागलं तर ३६ लिटर गेलं. खाऱ्या बोअरच्या बाबतीत ती किंमत समजू शकते. पण धरणाचं ८० टीडीएसचं पाणी आत घेतलं, तर बाहेर टाकलेलं पाणीही हिशेबानं शंभराच्या आसपासच भरतं. मराठवाड्यातल्या कितीतरी बोअरपेक्षा ते गोड. तिथली बाई ज्या पाण्यासाठी टँकरची वाट बघते, त्याहून चांगलं पाणी आपण नाकारलेलं म्हणून मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ च्या मे महिन्यात सरकारला सांगितलं होतं की जिथं टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओ वापरायला बंदी घाला. मग मसुदे निघाले, हरकती आल्या, कंपन्या न्यायालयात गेल्या. यंत्रं विकली जातच राहिली.

ती कुठंच नकोत, असं कुणी म्हणू नये. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. तिथं पाणी उकळून उपयोग नाही, उलट उकळलं तर पाणी आटून फ्लोराइड दाट होतो. तिथं आरओ किंवा तसलंच काही लागतं. ज्या सोसायट्यांचं वर्षातलं निम्मं पाणी टँकरनं येतं, त्यांनाही टँकर कुठल्या बोअरवर भरला हे माहीत नसतं, तेव्हा त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की आपल्या घरी कुठलं पाणी येतं, हे विचारायच्या आधी आपण यंत्र घेतो. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला खर्च येतो तो यंत्राच्या एका फिल्टरहूनही फारसा जास्त नसतो. तो कुणी करत नाही. यंत्र आलं की त्या क्षार काढलेल्या पाण्याला चव नसते, म्हणून क्षार परत घालणारं मिनरल कार्ट्रिज येतं. आणि त्याच्याही पुढचं मॉडेल पाण्यात तांबं घालतं. आजीचा तांब्याचा हंडा माळ्यावर असतो, चिंच लावून घासायला कुणाला वेळ नाही म्हणून.

या सगळ्यात यंत्राचा खरा तोटा मला मोरीत जाणाऱ्या पाण्यापेक्षा वेगळा वाटतो. ज्यांच्या तक्रारीनं नगरसेवक हलतो, ज्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून येतं, ज्यांना अर्ज कसा लिहायचा ते माहीत असतं, अशा घरांनी ओट्यावर यंत्र लावलं आणि नळाकडं पाठ फिरवली. आता नळातून गढूळ पाणी आलं तर ती माणसं वॉर्ड ऑफिसला फोन करत नाहीत, मेंब्रेन बदलणाऱ्याला करतात. त्यामुळं जलवाहिनीची तक्रार करायला उरले कोण? तर फाटकावरचा वॉचमन, जो त्याच टाकीचं पाणी न गाळता पितो. आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशी, ज्यांच्या वस्तीत सार्वजनिक नळाला पहाटे पाऊण तास पाणी असतं. त्यांना कावीळ झाली की आपण म्हणतो, "या लोकांना स्वच्छतेचं कळत नाही." मावशी आठ दिवस येत नाहीत आणि आपल्याला आरओच्या नळीतून बादलीत साठलेल्या पाण्यानं फरशी स्वतः पुसावी लागते. आपली गैरसोय तेवढीच.

सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाने यांचं झालं तेच पाण्याचं होतंय. ऐपत असलेला माणूस बाहेर पडला की सेवा बिघडते, आणि बिघडली म्हणून आणखी माणसं बाहेर पडतात. फरक असा की शाळा सोडता येते, जलवाहिनी सोडता येत नाही. भाजी त्याच पाण्यानं धुतली जाते, दात त्याच पाण्यानं घासले जातात, अंघोळीत मुलाच्या तोंडात तेच जातं. कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याबद्दल तर बोलायलाच नको.

सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत 'पाण्याच्या टाक्यांची सफाई' हा विषय असतो. पार्किंगच्या नंतर. पार्किंगला दोन तास जातात. मग खजिनदार सफाईचे दर वाचून दाखवतात, कुणीतरी "गेल्या वर्षीच केली होती ना?" म्हणून विचारतं, आणि शेवटची सफाई कधी झाली हे नोंदवहीत सापडत नाही. कुणी टाकीवर रंगानं तारीख लिहायची सूचना करतं. ती चांगली आहे असं सगळे म्हणतात. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक सभासद घड्याळ बघत म्हणतात, "आता हे किती ताणायचं? प्रत्येकाच्या घरी आरओ आहेच की." विषय एकमतानं तहकूब होतो, आणि सामोशांबरोबर पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या जातात.