लसूणघासाच्या मुळाशी

लसूणघास आपण दुभत्या जनावरांसाठी लावतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावी मात्र तो पाण्यातले विष उतरवण्यासाठी लावला गेला.

तिथे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीचे गॅस पुढे ढकलणारे केंद्र आहे. १९५२ ते १९६६ या काळात, लोखंड गंजू नये म्हणून, यंत्रे थंड करायच्या पाण्यात क्रोमियम घालत. ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले जाई. तिथून ते झिरपले आणि भूजलात मिसळले. १९९६ साली कंपनीने रहिवाशांना ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. दावा मिटला, पण पाणी तसेच राहिले.

क्रोमियमची दोन रूपे ध्यानात घ्या. सहा-संयुजी रूप पाण्याबरोबर वाहते आणि कर्करोगाला कारण होते. त्रि-संयुजी रूप पुष्कळ कमी विषारी असून मातीला धरून बसते. काही जिवाणूंच्या अंगी असे विकर, म्हणजे एन्झाइम असते, की ते पहिल्या रूपाचे दुसरे करते. विरजणातले जिवाणू दुधाचे दही करतात, तशातलाच हा प्रकार.

म्हणून हिंकलीत दूषित पाणी उपसून ठिबकने लसूणघासाला दिले. मुळांभोवतीच्या मातीत क्रोमियमचे रूप पालटले. काही ठिकाणी जमिनीखाली इथेनॉल सोडून जिवाणूंना खाद्य पुरवले.

पण धातू कुजत नाही, बरे का! तो मातीतच राहतो. शिवाय असे खाद्य दिल्याने मातीतले मँगनीज आणि आर्सेनिक पाण्यात सुटू शकते. म्हणून तिथे विहिरींचे पाणी सतत तपासावे लागते. तेव्हा कारखान्याचे संशयित पाणी आपल्या घासाला देऊन पाहू नका, की कोणी जिवाणूंची बाटली विकली म्हणून विहिरीत ओतू नका.

कारखान्याजवळ विहीर असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि ‘जड धातू तपासा’ असे मुद्दाम सांगा. नेहमीच्या क्षार-तपासणीत ते कळत नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त क्रोमियम नसावे, असे भारतीय मानक आहे. पाणी उकळून धातू जात नाही. दोष आढळला तर ते पाणी पिणे थांबवा आणि अहवाल जोडून ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. जिवाणूंकडून काम करून घेणे जाणकारांवर सोपवा. नमुन्याची बाटली भरणे मात्र आपल्याच हाती आहे.